शिक्षक-मूल्यमापन

शिक्षकाच्या अध्यापनकार्याची पद्धतशीर पाहणी करून त्याच्या गुणवत्तेविषयी निर्णय देण्याच्या प्रक्रियेस शिक्षक-मूल्यमापन म्हणतात. या प्रक्रियेची प्रमुख साधने दोन. वर्गात बसून अध्यापन प्रत्यक्ष पाहणे, म्हणजे पाठनिरीक्षण, हे पहिले साधन होय. विद्यार्थ्यांच्या ज्ञानात ठराविक मुदतीत किती भर पडली हे मोजून त्यावरून शिक्षकाचे काम जोखणे, हे दुसरे. दुसऱ्या साधनाची रूपे कालमानानुसार बदलत गेली. एकोणिसाव्या शतकात त्याचे स्वरूप उत्तीर्ण मुलांच्या गणतीचे होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस संख्याशास्त्रीय प्रतिमाने आली आणि त्यांच्या जोडीला वर्षारंभी शिक्षकाने आपल्या वर्गासाठी ठरवावयाची ‘विद्यार्थी-प्रगतीची उद्दिष्टे’ आली. मूल्यमापन कशासाठी करावयाचे, यासंबंधीही प्रारंभापासून दोन मते आहेत : एक, शिक्षकाला त्याच्या कामात साहाय्य व्हावे म्हणून, दुसरे, त्याचे वेतन, बढती व नोकरी ठरविता यावी म्हणून. एकाच तपासणीतून हे दोन्ही हेतू साधण्याचे प्रयत्न दीडशेहून अधिक वर्षे होत आले असून ते क्वचितच यशस्वी झाले आहेत.

इंग्लंडमधील निकालानुसार अनुदान : इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळांच्या इमारतींसाठी सरकारी अनुदान १८३३ पासून मिळू लागले. प्रारंभी त्याची रक्कम २०,००० पौंड होती. १८३९ मध्ये शिक्षणविषयक समिती स्थापन होऊन निरीक्षकांच्या नेमणुका सुरू झाल्या. समितीचे पहिले चिटणीस जेम्स के-शटलवर्थ (१८०४–७७) यांच्या काळात, १८४० मध्ये, निरीक्षकांना दिलेल्या सूचनांत तपासणीचा हेतू शाळेवर हुकमत गाजविण्याचा नसून तिला साहाय्य करण्याचा आहे, असे स्पष्ट केलेले होते. निरीक्षक वर्गात बसत, अध्यापन पाहत, मुलांशी बोलत आणि शाळेच्या एकूण वातावरणावर अहवाल लिहीत.

अनुदानाची रक्कम वाढत गेली, तसा पार्लमेंटमध्ये तिच्या फलिताविषयी प्रश्न उपस्थित होऊ लागला. न्यूकॅसल आयोगाने (१८५८–६१) असा निष्कर्ष काढला, की निरीक्षकांचे लक्ष वरच्या वर्गांतील हुशार मुलांकडे अधिक असून पुष्कळ मुले लेखन, वाचन व अंकगणित धडपणे न शिकताच शाळा सोडतात. या तक्रारीत तथ्य होते, हे नाकारता येत नाही. तिच्यावर उपाय म्हणून शिक्षणखात्याची धुरा सांभाळणारे मंत्री रॉबर्ट लो (१८११–९२) यांनी १८६२ ची सुधारित नियमावली अंमलात आणली. तीनुसार सरासरी उपस्थितीवर दर मुलामागे ४ शिलिंग आणि सहा वर्षांवरील ज्या मुलाने किमान २०० वेळा हजेरी लावली असेल त्याच्यामागे आणखी ८ शिलिंग मिळत. निरीक्षकाने घेतलेल्या परीक्षेत ते मूल वाचन, लेखन वा अंकगणित यांपैकी ज्या विषयात नापास होई, त्या प्रत्येकापोटी या ८ शिलिंगांतून २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. अभ्यासक्रमाच्या सहा इयत्ता आखून दिलेल्या होत्या. बहुतेक ठिकाणी शाळाचालकांनी शिक्षकाचे वेतन या अनुदानाशी निगडित केले. परिणामी मुलाच्या पाटीवरील चुकलेल्या बेरजेची झळ थेट शिक्षकाच्या घरखर्चाला बसू लागली.

खर्चाच्या बाजूने पाहता योजना सफल ठरली. एकूण अनुदान सु. ८ लाख १३ हजार पौंडांवरून १८६५ पर्यंत सु. ६ लाख ३७ हजार पौंडांवर आले. शाळांवर मात्र तिचे परिणाम विपरीत झाले. अनुदान उत्तीर्ण मुलावर मिळत असल्याने मागे पडलेल्या मुलांकडून वर्षभर घोकंपट्टी करून घेण्यात येई. हमखास उत्तीर्ण होणाऱ्या हुशार मुलाला अधिक काही शिकविण्यात शिक्षकाचा कसलाच लाभ नव्हता. क्रमिक पुस्तक इतके तोंडपाठ करून घेतले जाई, की मुले पुस्तकाकडे न पाहताही ‘वाचून’ दाखवीत. आजारी मुलांनाही परीक्षेच्या दिवशी शाळेत आणल्याच्या नोंदी आहेत. इतिहास, भूगोल हे विषय अनुदानाच्या कक्षेबाहेर राहिल्याने अनेक शाळांतून मागे पडले. पुढे १८६७ नंतर काही विषयांसाठी वेगळे अनुदान ठेवून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला.

या पद्धतीचे सर्वांत मार्मिक टीकाकार म्हणजे कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड (१८२२–८८). ते १८५१ पासून पस्तीस वर्षे शाळा-निरीक्षक होते. निरीक्षकाचेच काम बदलून गेले, हा त्यांचा मुख्य आक्षेप. पूर्वी निरीक्षक वर्गाचे बौद्धिक जीवन पाहत असे. आता एकेका मुलाची परीक्षा घेऊन तक्त्यावर खुणा करण्यातच त्याचा दिवस सरू लागला. म्हणजे निकालाची मोजणी पाठनिरीक्षणाला पूरक ठरण्याऐवजी तिने निरीक्षणाची जागा बळकावली. लो यांनी निरीक्षकांचे अहवाल खात्यात काटछाट करून प्रसिद्ध केले, असा ठपका हाउस ऑफ कॉमन्सने ठेवल्यावरून १८६४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांची नियमावली मात्र टिकली. १८९० मध्ये तिचा बराचसा भाग रद्द झाला आणि १८९७ पर्यंत तिचे अवशेषही संपुष्टात आले. प्राथमिक शाळांचे माजी मुख्य निरीक्षक एडमंड होम्स (१८५०–१९३६) यांनी १९११ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात, नियम गेला तरी त्याने लावलेले यांत्रिक वळण शिक्षकांच्या हातून सुटलेले नाही, अशी खंत व्यक्त केली आहे.

मुंबई इलाखा : १८५४ च्या वुड खलित्यानुसार भारतात प्रांतोप्रांती शिक्षणखाती, निरीक्षक व अनुदाने यांची व्यवस्था सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबई इलाख्याने इंग्लंडच्या धर्तीवर निकालानुसार अनुदानाची पद्धत स्वीकारली. खेड्यापाड्यांतील शाळांच्या तपासणीचे काम डेप्युटी इन्स्पेक्टरकडे असे. ग्रामीण मराठीने त्याला ‘दिपोटी’ केले आणि दिपोटीची स्वारी हा गावच्या वर्षातील एक मोठा प्रसंग ठरला. शाळा सारवून घेतली जाई, मुले धुतलेले कपडे घालून येत, पंतोजी पुन्हापुन्हा उजळणी करून घेत आणि स्वारीनंतर शेरेबुकात उमटलेल्या दोन ओळींवर पंतोजींचे पुढील वर्ष अवलंबून राही.

हंटर आयोगापुढे १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी या तपासणीवर नेमके बोट ठेवले आहे. दिपोटीच्या वर्षातून एकदा होणाऱ्या भेटीने फारसा लाभ होत नाही. तपासणी निदान तीन महिन्यांतून एकदा व्हावी आणि शाळांना पूर्वसूचना न देताही भेटी देण्यात याव्यात. गावच्या व जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना इतर कामांमुळे सवड नसल्याने त्यांची परीक्षा वरवरचीच असते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच निवेदनात त्यांनी शेतकरी वर्गातून आलेले प्रशिक्षित व पुरेशा पगाराचे शिक्षक मागितले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या सूचनेचा आशय उलगडतो. शिक्षणाबाहेर राहिलेल्या समाजाच्या मुलाकडे शाळेचे लक्ष आहे की नाही, हे पाहणारा कोणी तरी हवा होता. शिक्षकाची तपासणी केवळ जाच म्हणून निकालात काढणाऱ्यांनी फुल्यांची ही बाजू सहसा विचारात घेतलेली दिसत नाही.

हंटर आयोगाने १८८३ च्या आपल्या अहवालात प्राथमिक शाळांपुरती निकालानुसार अनुदानाची शिफारस कायम ठेवली. महाविद्यालये तीतून वगळली. इंग्लंडमध्ये ही पद्धत विटत चालली असता भारतात तिला पुन्हा मान्यता मिळाली. अखेर लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीतील ११ मार्च १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावाने ती मागे पडली.

अमेरिकेतील पाठनिरीक्षणाचा विकास : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शाळा स्थानिक मंडळांच्या ताब्यात असल्यामुळे असा एकच नियम लागू होण्याचा प्रश्न दीर्घकाळ उद्भवला नाही. तेथे या विषयाला चालना दिली ती जोसेफ मेयर राइस (१८५७–१९३४) या वैद्याने. येना व लाइपसिक येथे शिक्षणशास्त्राचा अभ्यास करून परतल्यावर १८९२ मध्ये त्यांनी ३६ शहरांतील शाळांना भेटी दिल्या आणि सु. १,२०० शिक्षकांचे अध्यापन पाहिले. अधिकाऱ्यांच्या अहवालांवर विसंबण्याचे त्यांनी कटाक्षाने टाळले. बहुसंख्य वर्गांत निर्जीव पाठांतर चालते, हा त्यांचा निष्कर्ष नियतकालिकात प्रसिद्ध होताच शिक्षकवर्गात संतापाची लाट उसळली. एका परक्या माणसाच्या डोळ्यांवर विश्वास का ठेवावा, असा प्रश्न विचारण्यात आला. तेव्हा राइस यांनी दुसरा मार्ग अवलंबिला. सु. ३३,००० मुलांची शब्दलेखनाची परीक्षा घेऊन, शब्दलेखनाच्या सरावास अधिक वेळ देणाऱ्या शाळांचा निकाल कमी वेळ देणाऱ्यांपेक्षा चांगला नसतो, हे त्यांनी १८९७ मध्ये दाखवून दिले. निरीक्षण आणि मोजणी ही दोन्ही साधने एकाच अभ्यासकाने पाठोपाठ वापरल्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. आणि ती वापरताना राइस यांच्या हाती कोणाच्याही पगाराची दोरी नव्हती.

१९१० नंतर शिक्षकांचे गुणांकन करण्यासाठी अनेक श्रेणीपत्रके निघाली. त्यांत आवाज, पोषाख, टापटीप अशा बाबींना जागा असे. त्यांचे शास्त्रीय मोल बेताचेच होते. खरी प्रगती १९६० नंतर झाली. नेड फ्लँडर्स यांनी वर्गातील बोलण्याची दर तीन सेकंदांनी नोंद घेण्याची दहा प्रवर्गांची पद्धत रूढ केली. त्यांपैकी सात प्रवर्ग शिक्षकाच्या व दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे असून एक शांतता वा गोंधळ यांचा आहे. वर्गाचा सु. दोन-तृतीयांश वेळ कोणी तरी बोलत असते आणि त्या बोलण्यापैकी सु. दोन-तृतीयांश शिक्षकाचे असते, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रातील अध्यापक महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांतही या पद्धतीचा समावेश झाला, त्यामुळे सरावपाठ घेतलेल्या अनेक पिढ्यांना ती परिचित आहे. हार्व्हर्ड विद्यापीठात मॉरिस कोगन व रॉबर्ट गोल्डहॅमर यांनी विकसित केलेल्या पर्यवेक्षणपद्धतीत पाठापूर्वी चर्चा, मग निरीक्षण, त्याचे विश्लेषण आणि पुन्हा चर्चा असा क्रम होता. तीत निरीक्षक हा शिक्षकाचा सहकारी मानला जाई. १९९६ मध्ये शार्लट डॅनिएलसन यांनी अध्यापनाची चार क्षेत्रे व २२ घटक असलेली चौकट प्रसिद्ध केली. पुढील दोन दशकांत अमेरिकेतील अनेक राज्यांनी ती मूल्यमापनाचे मानक म्हणून स्वीकारली.

प्रगतीची मोजणी : टेनेसी विद्यापीठातील विल्यम सँडर्स (१९४२–२०१७) हे कृषिक्षेत्रात काम करणारे संख्याशास्त्रज्ञ होते. पशुपैदाशीच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या गणिती तंत्रांच्या आधारे, विद्यार्थ्याच्या मागील वर्षांच्या गुणांवरून त्याचे अपेक्षित गुण काढता येतात आणि प्रत्यक्ष गुण त्यांहून किती अधिक वा उणे आले, त्यावरून शिक्षकाचा वाटा ठरविता येतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. टेनेसी राज्याने १९९२ च्या कायद्याने ही मूल्यवर्धन पद्धती स्वीकारली. मूल कोठून निघाले आणि कोठवर पोहोचले, हे ती पाहते. गरीब वस्तीतील शिक्षकाला केवळ कमी निकालामुळे दोष लागू नये, ही तीमागील भूमिका न्याय्यच होती. १८६२ च्या नियमावलीत तशी कसलीही सोय नव्हती.

अडचण निराळीच होती. चाचण्या प्रामुख्याने गणित व वाचन या विषयांच्या आणि काही इयत्तांपुरत्या असत. संगीत, कला, शारीरिक शिक्षण आणि पहिली-दुसरी यांच्या शिक्षकांचे काय करावयाचे? यातून विद्यार्थी-प्रगतीच्या उद्दिष्टांची कल्पना पुढे आली. डेन्व्हर शहरात १९९९ पासून तिचा प्रयोग झाला आणि २००५ मध्ये मतदारांनी तिचा अंतर्भाव असलेली वेतनयोजना मंजूर केली. या पद्धतीत शिक्षक वर्षारंभी आपल्या विद्यार्थ्यांची पूर्वतयारी तपासतो, एखादे महत्त्वाचे कौशल्य निवडतो, वर्षअखेर कोणत्या मुलाने कोठवर यावे हे लिहून देतो आणि मुख्याध्यापकाच्या संमतीने त्याची पडताळणी करतो. शिक्षकाला आपल्या वर्गाचा बारकाईने विचार करावयास लावणे, हा तिचा मोठा गुण. परंतु उद्दिष्टाच्या पूर्तीवर पैसे मिळणार असतील, तर ते बेताचेच ठेवण्याचा मोह कोणासही होणे साहजिक आहे. ही वेतनयोजना पुढे इतकी क्लिष्ट झाली, की २०१९ च्या फेब्रुवारीत डेन्व्हरच्या शिक्षकांनी तिच्याविरुद्ध तीन दिवस संप केला.

२००९ मध्ये ‘न्यू टीचर प्रॉजेक्ट’ या संस्थेने चार राज्यांतील १२ जिल्ह्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. ‘समाधानकारक’ व ‘असमाधानकारक’ असे दोनच शेरे असलेल्या जिल्ह्यांत ९९ टक्क्यांहून अधिक शिक्षक समाधानकारक ठरत होते. त्याच वर्षी संघीय शासनाने ४३५ कोटी डॉलरच्या स्पर्धात्मक अनुदानाची घोषणा केली आणि विद्यार्थ्यांच्या प्रगतीस मूल्यमापनात ठळक स्थान देणाऱ्या राज्यांना तीत झुकते माप मिळाले. पाठोपाठ बहुतेक राज्यांनी कायदे बदलले. २०१० च्या ऑगस्टमध्ये लॉस अँजेल्सच्या एका वृत्तपत्राने सु. ६,००० प्राथमिक शिक्षकांचे मूल्यवर्धनांक नावांनिशी छापले. फ्लॉरिडात काही शिक्षकांचे मूल्यमापन, त्यांनी कधीही न शिकविलेल्या मुलांच्या गुणांवरून झाले. त्यांनी २०१३ मध्ये संघीय न्यायालयात धाव घेतली. ही पद्धत अन्यायकारक असली तरी घटनाबाह्य नाही, असा निर्णय पुढील वर्षी मिळाला. ह्यूस्टनमध्ये मात्र २०१७ साली न्यायाधीशांनी शिक्षकांची बाजू उचलून धरली : गुणांकनाचे सूत्र खाजगी कंपनीचे गुपित असल्याने आपला गुणांक बरोबर आहे की नाही, हे तपासण्याचा मार्गच शिक्षकापुढे नव्हता. चाचणीच्या गुणांतील एकूण तफावतीपैकी १ ते १४ टक्केच तफावत शिक्षकांमुळे उद्भवते, असे बहुतेक अभ्यासांत आढळते, याकडे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ मध्ये लक्ष वेधले होते. अटलांटा शहरातील प्रकार याहून गंभीर होता. तेथे तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत फेरफार वा अन्य गैरप्रकार झाल्याचे राज्य शासनाच्या २०११ च्या चौकशीत उघड झाले. ज्या मुलांना खास मदतीची गरज होती, त्यांचे गुण कागदोपत्री वाढले आणि ती मदत त्यांना नाकारली गेली.

वॉशिंग्टन राज्याने मध्यम मार्ग काढला. तेथील २०१० व २०१२ च्या कायद्यांनी आठ निकष व चार श्रेणी ठरविल्या. सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्षी किमान दोन वेळा मिळून ६० मिनिटे पाठनिरीक्षण बंधनकारक केले आणि किमान तीन निकषांत विद्यार्थी-प्रगतीचा विचार व्हावा, असे सांगितले. त्यासाठी राज्याच्या चाचणीचे गुण वापरता येतील, अशी मुभा होती, सक्ती नव्हती. संघीय शासनाला सक्ती हवी होती. विधिमंडळाने ती घालण्यास नकार दिल्यामुळे २०१४ च्या एप्रिलमध्ये, संघीय शिक्षण-कायद्यातून मिळालेली सवलत गमावणारे ते पहिले राज्य ठरले. सु. ४ कोटी डॉलरच्या विनियोगाचे स्वातंत्र्य गेले आणि जवळजवळ प्रत्येक शाळेला, आपण अपेक्षित प्रगती केलेली नाही, असे पत्र पालकांना धाडावे लागले. २०१५ च्या डिसेंबरमधील नव्या कायद्याने संघीय शासनाचा हा आग्रहच संपुष्टात आणला.

या खटाटोपाचे फलित काय? २४ राज्यांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बहुसंख्य राज्यांत असमाधानकारक ठरलेल्या शिक्षकांचे प्रमाण १ टक्क्याहून कमीच राहिल्याचे आढळले. ज्या शिक्षकाबरोबर वर्षभर काम करावयाचे, त्याच्या नावापुढे तसा शेरा लिहिण्यास मुख्याध्यापक धजत नाहीत, हे त्याचे एक सरळ कारण. सु. ५७ कोटी ५० लाख डॉलर खर्चाच्या एका योजनेचा रँड संस्थेने अभ्यास केला. विद्यार्थ्यांच्या संपादनात अपेक्षित वाढ झाली नाही, असा तिचा २०१८ चा निष्कर्ष आहे. याउलट सिनसिनाटी शहराचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तेथे ठराविक वर्षांनी येणाऱ्या मूल्यमापनाच्या वर्षात शिक्षकाचे चार पाठ पाहिले जात. त्यांपैकी तीन, दुसऱ्या शाळेतून आलेला प्रशिक्षित सहशिक्षक पाही आणि प्रत्येक पाठानंतर लेखी अभिप्राय मिळे. सेवेची काही वर्षे झालेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांची गणितातील प्रगती त्या वर्षी आणि त्यानंतरच्या वर्षांतही वाढल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. वाचनात तसा फरक पडला नाही.

स्वातंत्र्योत्तर भारत : कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रशासकीय तपासणी व शैक्षणिक मार्गदर्शन ही दोन कामे अलग करण्याची शिफारस केली. ती कागदावरच अधिक राहिली. पाठ टाचणे, हजेरीपत्रके व दाखल्यांच्या नोंदी पाहण्यातच अधिकाऱ्याचा वेळ जाई आणि तपासणीच्या दिवशी आधीच शिकवून झालेला पाठ पुन्हा घेण्याची रीत शाळांच्या अंगवळणी पडली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये शासनाने शिक्षकांच्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी शाळेची श्रेणी आणि माध्यमिक शाळांच्या बाबतीत निकालाचे प्रमाण यांची अट घातली. शिक्षक संघटनांच्या विरोधानंतर २०१९ मध्ये ती वगळण्यात आली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकांच्या मूल्यमापनासाठी सहकाऱ्यांचे अभिप्राय, उपस्थिती, कामाविषयीची बांधिलकी, व्यावसायिक विकासासाठी दिलेले तास आणि शाळेची व समाजाची अन्य सेवा अशी परिमाणे सुचविली असून विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांचा त्यांत निर्देश नाही.